हिंदवाडीतला वन बीएचके, अख्खा पावसाळा काढल्यावर लिहितेय

बेळगावात भाड्याचं घर उन्हाळ्यात बघून फायनल करू नका, हे मी सगळ्यांना सांगत असते. एप्रिल-मेमध्ये सगळीच घरं चांगली वाटतात, रंग नवा, वारा मस्त, आणि जुलै लागला की कपाटातल्या साड्यांना कुबट वास, चपलांवर पांढरी बुरशी, भिंतीला ओल. आधीच्या घरात आम्ही हेच सोसलं, मालकांना सांगितलं की "बेळगावचा पाऊस हाय, असंच असतंय" एवढंच उत्तर.

म्हणून हे घर बघायला मुद्दाम भर पावसात गेलो. खाली मालक, वर आम्ही, हॉल, एक बेडरूम, किचन, बाथरूम आणि कपडे वाळत घालायला पत्र्याची शेड असलेली गच्ची. पश्चिमेकडच्या भिंतीला बाहेरून वरपासून खालपर्यंत पत्रे मारलेत, दिसायला काही खास नाही पण आपल्याकडं पाऊस चंदगडकडनं आडवा येतो आणि त्याच भिंतीला झोडपतो, त्यामुळं त्या पत्र्याची किंमत इथं राहणाऱ्यालाच कळते. मी बेडरूममधलं कपाट पुढं ओढायला लावलं आणि मागं हात फिरवून बघितला, भिंत खडखडीत कोरडी. तिथंच ठरलं आमचं.

भाडं साडेनऊ हजार, ॲडव्हान्स साठ हजार, सोडताना रंगकामाचं म्हणून एक महिन्याचं भाडं कापणार, हे आधीच लिहून दिलंय. लीजवर पण विचारलं होतं, म्हणजे एकरकमी काही लाख देऊन ठेवायचे आणि महिन्याचं भाडं नाही, पण मालकीणबाई, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, म्हणाल्या ते नको, उद्या तुम्ही सोडताना एवढे पैसे एकदम कुठून आणायचे मी. मला हा सरळपणा फार आवडला, कारण लीजमध्ये लोक अडकतात ते इथंच. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, कन्नडमध्ये होतं, त्यांच्या घरी कन्नडच बोलतात, पण त्यांनी शेजारी बसवून एकेक कलम मराठीत समजावून सांगितलं आणि मगच सही घेतली.

पाण्याचं बोलायचं तर मागं विहीर आहे, पंप लावून वरच्या टाकीत चढवतात. नळाला राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी येतं, पण मे महिन्यात राकसकोपची पातळी खाली गेली की नळाचे दिवस लांबतात, तेव्हा विहिरीवाल्या घरात राहायचं सुख वेगळंच. टँकर एकदाही मागवावा लागला नाही बघा. प्यायला मात्र नळाचंच भरून ठेवतो.

कमी काय ते पण सांगते. सोलर पावसाळ्यात कामाचं नाही, गिझर आपला आणावा लागतो. किचनचा कट्टा अरुंद आहे, शेगडी ठेवली की पोळपाट ठेवायला जागा नाही, मी पोळ्या डायनिंग टेबलावर लाटते. गाडी म्हणजे फक्त टू-व्हीलर, कारवाल्यांनी येऊच नये. आणि घरात मटण-मच्छी करायची नाही, ही अट त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितली होती, ज्यांना जमत नाही त्यांनी उगाच घेऊ नये.

जागा म्हणाल तर सुभाष मार्केटला चालत जाता येतं, मुलांची कॉलेजं टिळकवाडीत जवळच, आमच्या ह्यांना उद्यमबागला जायला पण सोपं पडतं. रात्री शांत असतं.

लाईट बिलाचं एक, भाडेकरूंनो हे नीट वाचा. गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या वीज योजनेत महिन्याला 200 युनिटपर्यंत जी सवलत मिळते ती भाडेकरूलाही मिळते, पण आधीच्या भाडेकरूचा आधार त्या मिटरवर जोडलेला असेल तर आपलं रजिस्ट्रेशन अडकतं. त्यामुळं ॲडव्हान्स द्यायच्या आधी आरआर नंबर, म्हणजे वीज कनेक्शनचा नंबर, मागा आणि आधीच्यांनी डी-लिंक केलंय का ते विचारा. इथं मावशींनी आधीच्या पोरांकडून करून घेतलं होतं, आमचं झटक्यात झालं.

ह्यांची बदली झालीय, मार्चअखेर घर रिकामं होतंय. आम्ही डी-लिंक करूनच किल्ली देणार. कुणाला हवं असेल तर शनिवार-रविवार येऊन बघा, कपाट मी स्वतः पुढं ओढून दाखवते.