मलेरियाची लस: आधी स्वयंसेवक की थेट गाव?

परभणी-नांदेडकडे पावसाळ्यात हिवतापाचा विषय निघाला, की लस थेट गावातच का तपासत नाहीत, असे विचारले जाते. गावात डास कोणाला केव्हा चावेल याचा नेम नसतो, म्हणून हजारो माणसे आणि कित्येक महिने लागतात. याउलट निरोगी प्रौढ स्वयंसेवकांना लस देऊन, त्यांच्या संमतीने, सहसा ५ संसर्गित डास हाताला चावू देतात आणि रक्तात परजीवी दिसताच औषध सुरू करतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अशा चाचणीत आरटीएस,एस लसीच्या एका प्रकाराने ७ पैकी ६ जणांना संसर्गापासून वाचवले. प्रारंभी हाच मार्ग मला अधिक न्याय्य वाटतो, कारण निष्प्रभ लस लहान मुलांपर्यंत पोहोचतच नाही. टिकाऊपणा मात्र गावातच कळतो: पुढे सुधारलेल्या याच लसीचे संरक्षण आफ्रिकेतील मुलांत, ४ डोस देऊनही, सुमारे ४ वर्षांत ३६ टक्क्यांच्या आसपासच भरले.