घटना घडतानाच कळवायची तर: वही, ग्रुप, फॉर्म की खास ॲप?

रात्रीचे पावणेतीन. गोदामाच्या मागच्या बाजूला फेरीवर गेलेल्या रक्षकाला एक शटर वीतभर वर उचललेलं दिसलं. त्याने टॉर्च मारला, मोबाइलवर फोटो काढला आणि सुरक्षेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘शटर उघडं आहे.’ कोणतं शटर, ते लिहिलं नाही; त्याच्या तर ते डोळ्यांसमोर होतं. ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं. पर्यवेक्षकाने झोपताना ग्रुप म्यूट केला होता, कंट्रोल रूममधला माणूस पुढच्या गेटवरच्या गाड्यांच्या नोंदीत गुंतला होता. पहिलं उत्तर आलं सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी: ‘कुठलं?’

तेव्हा त्या जागेच्या पाळ्या मी लावत असे. रक्षकाची काहीच चूक नव्हती. त्याने कळवलं होतं. कळलं मात्र कुणालाच नव्हतं. तेव्हापासून घटना कळवण्याचं कुठलंही साधन समोर आलं की मी आधी एकच विचारतो: हे इशारा देण्यासाठी आहे की नोंद ठेवण्यासाठी? ही दोन वेगळी कामं आहेत. इशाऱ्याला वेग लागतो आणि समोरून ‘ऐकलं, निघालो’ असं उत्तर लागतं. नोंदीला सावकाशी लागते, तपशील लागतो आणि नंतर कुणी हात लावू शकणार नाही याची खात्री लागते. जी माणसं ॲप घेऊन पस्तावतात, त्यांच्याकडे बहुतेक वेळा या दोन कामांची गल्लत झालेली असते.

वही आणि वॉकीटॉकी

वॉकीटॉकीला मोडीत काढायची घाई करू नका. बटण दाबलं की त्या चॅनलवरच्या सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जातं, इंटरनेट लागत नाही, आणि आवाजातली घाबरगुंडीसुद्धा पोहोचते. एका वेळी एकालाच बोलता येतं, फोटो जात नाही, आणि वेगळी सोय केलेली नसेल तर बोललेलं मागे उरत नाही. तरी निव्वळ इशाऱ्यासाठी आजही मी तिलाच पहिला मान देईन.

वहीचं दुखणं उलटं. ती कुणाला जागं करत नाही, आणि तिच्यातली वेळ लिहिणाऱ्याच्या आठवणीवर चालते. पाळी संपताना ‘सर्व ठीक’ अशा ओळी एका बैठकीत भरलेल्या मी पाहिल्या आहेत. पण वहीची एक शिस्त फार मोलाची आहे: चुकलं तर खाडाखोड करायची नाही, एकच रेघ मारायची, बाजूला सही आणि वेळ. चुकीचं वाक्यही वाचता आलं पाहिजे. हा नियम लक्षात ठेवा, पुढे ॲप पारखताना तो कामाला येतो.

व्हॉट्सॲप ग्रुप

बहुतेक ठिकाणी सुरुवात इथूनच होते, आणि तसं होणं स्वाभाविक आहे. शिकवावं लागत नाही, सगळ्यांच्या फोनवर असतंच, आणि ज्याला लिहायचा कंटाळा किंवा संकोच आहे तो बोलून पाठवू शकतो. लहान जागा, पाळीला तीन-चार माणसं, सगळी एकमेकांना ओळखणारी, अशा ठिकाणी ग्रुपने काम भागतं.

माणसं वाढली की मात्र त्यात भेगा दिसू लागतात. ग्रुपमध्ये टिक निळ्या होतात त्या सगळ्यांनी वाचल्यावरच. चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये ती वेळ दुसऱ्या दिवशी दुपारीही येत नाही. ज्याने वाचायला हवं त्याने वाचलं का, हे बघायला त्या निरोपाची माहिती उघडावी लागते. अंधारात शटरसमोर उभा असलेला माणूस ते करत बसणार नाही. आणि वाचणं म्हणजे जबाबदारी घेणं नव्हे. चाळीस जणांना एकदम सांगितलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी गेला असेल.

नोंद म्हणून तर ग्रुप आणखी कच्चा. पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो. बदलल्याची खूण दिसते, पण आधी काय लिहिलं होतं ते ग्रुपमधल्यांना दिसत नाही. सगळ्यांसाठी पुसून टाकायलाही साधारण अडीच दिवसांची मुभा आहे. आपोआप नाहीसे होणारे निरोप कुणी चालू करून ठेवले असतील तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी सगळंच जातं. फोटोचंही तसंच. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, आणि मूळ फाइलमध्ये असलेली काढल्याची वेळ आणि ठिकाण त्यात उरत नाही. मूळ फोटो जपायचा तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. हे रक्षकांना एकदा हात धरून दाखवा. ग्रुप सोडायचा नसेल तर एवढी एक सवय तरी लावाच.

याहून मला जास्त खटकते ती दुसरी गोष्ट. एखादी बाई जिन्यात पडली, कुणाला मारहाण झाली, एखादं मूल हरवलं, तर त्यांचे फोटो चाळीस खासगी फोनांच्या गॅलरीत जाऊन बसतात. त्यातला एकजण पुढच्या महिन्यात नोकरी सोडून जातो, आणि ते फोटो त्याच्यासोबत जातात. ज्यांच्यावर प्रसंग ओढवला त्यांना हे कुणी विचारलेलंही नसतं.

फॉर्म

मधला रस्ता म्हणजे मोबाइलवर भरायचा फॉर्म. गूगल फॉर्म अर्ध्या तासात तयार होतो. पण तो पाठवायला नेट लागतं, आणि फोटो जोडायचा तर गूगल खात्यात लॉगिन असावं लागतं. साइटचा एकच फोन पाळीपाळीने वापरणाऱ्यांना हे दुसरं बंधन चांगलंच जाचतं. त्यापेक्षा ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स ही मोबाइलवर फॉर्म भरून घेण्याची साधनं पाहावीत. ओडीकेची सुरुवात २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात झाली, आणि ही साधनं मुळातच जिथे नेट मिळत नाही अशा भागातल्या पाहण्यांसाठी आणि मदतकार्यासाठी घडली. फॉर्म नेटशिवाय भरून फोनवर राहतो, नेट आलं की जातो. फोटो, ठिकाण, आवाज सगळं जोडता येतं.

फॉर्मची उणीव एकच, पण मोठी: तो कुणाला हाक मारत नाही. भरलेली माहिती एका तक्त्यात जाऊन पडते. फार तर ईमेल येतो, आणि रात्री पावणेतीनला ईमेलने कुणी उठत नाही. म्हणून फॉर्म एकटा घेऊ नका. वॉकीटॉकी किंवा साधा फोन इशाऱ्याला, फॉर्म नोंदीला, अशी जोडी लावा. मध्यम आकाराच्या जागेसाठी ही जोडी मला महागड्या ॲपपेक्षा बरी वाटते.

खास ॲप

सुरक्षेसाठीच बनवलेली ॲप इशारा आणि नोंद दोन्ही एकत्र देण्याचं वचन देतात. चांगलं ॲप खरोखर देतंही. पण दाखवायला आलेला माणूस नकाशावर हलणारे ठिपके दाखवतो, रंगीत आलेख दाखवतो. तुम्ही बघायच्या जागा वेगळ्या आहेत.

पहिली जागा म्हणजे पलीकडची बाजू. ॲपचा इशारा नोटिफिकेशनच्या रूपात गूगलच्या किंवा ॲपलच्या यंत्रणेतून जातो, आणि तो तत्काळ पोहोचेलच अशी हमी तिथे नसते. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे सहाव्या आवृत्तीपासून, पडून राहिलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲपना झोपवतो. शिवाय काही फोन कंपन्यांची स्वतःची बॅटरी बचत त्याहून कडक असते. आयफोन सायलेंटवर असतानाही वाजणारा इशारा २०१८ च्या बाराव्या आवृत्तीपासून शक्य आहे, पण त्यासाठी ॲप बनवणाऱ्याला ॲपलची खास परवानगी घ्यावी लागते. ती घेतली आहे का, हे थेट विचारा. आणि त्याहून महत्त्वाचं: एका मिनिटात कुणी ‘मी बघतो’ दाबलं नाही, तर पुढे काय होतं? दुसऱ्याचा फोन वाजतो का? नुसतं नोटिफिकेशन जातं की खरा कॉल लागतो? या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर ते ॲप नोंदवहीच आहे, फक्त काचेवरची.

दुसरी जागा तळघर. नेट नसताना बटण दाबलं तर काय होतं? चांगलं ॲप नोंद फोनवर ठेवतं, नंतर पाठवतं आणि दोन वेळा दाखवतं: घटना लिहिल्याची आणि सर्व्हरवर पोहोचल्याची. एकच वेळ दाखवणारं ॲप पुढे घोळ करतं, कारण फोनचं घड्याळ कुणीही बदलू शकतो. काही ॲप नेट नसेल तर साधा एसएमएस पाठवतात. ही सोय मला फार आवडते. २००८ च्या सुरुवातीला केनियात निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, तेव्हा उशाहिदी नावाच्या उपक्रमाने लोकांकडून आलेल्या बातम्या नकाशावर मांडल्या, आणि त्यात एसएमएसने आलेल्याही होत्या. स्वाहिलीत उशाहिदी म्हणजे साक्ष. साध्या फोनवरचा माणूसही साक्ष देऊ शकतो, ही त्यातली मोठी गोष्ट. एक बारकावा मात्र ध्यानात असू द्या: रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यामुळे ॲपने पाठवायचा निरोप आधीच आखून ठेवा. जागा, प्रकार, नाव, बस.

तिसरी जागा म्हणजे रक्षकाचा अंगठा. घटनेच्या प्रकारांची लांबलचक यादी देणारी ॲप मी वापरून पाहिली आहेत. अशा यादीत माणूस शोधत बसत नाही, ‘इतर’ दाबून मोकळा होतो. सात-आठ प्रकार पुरेत. गंभीर की साधं हेही त्या क्षणी त्याला ठरवायला लावू नका. ते काम कंट्रोल रूमचं. आधी इशारा दोन टॅपमध्ये जाऊ दे, तपशील दहा मिनिटांनी, श्वास खाली बसल्यावर. बोलून नोंद करायची सोय हवीच. तिच्यात शब्द शोधता येत नाहीत, म्हणून नंतर कुणीतरी दोन ओळी लिहून ठेवाव्या लागतात, पण ऐन वेळी आवाजाला पर्याय नाही.

आणीबाणीचं बटण हवं, पण ते खिशात आपोआप दाबलं जाणार नाही असं. दोन-तीन वेळा खोटा गजर झाला की चौथ्या वेळी कुणी धावत नाही. फोनमध्ये मुळात असलेली आणीबाणीची सोय, म्हणजे अनेक फोनांवर बाजूचं बटण भराभर पाच वेळा दाबणं, ही शासकीय मदत क्रमांकाकडे कॉल लावण्यासाठी आहे. तुमच्या कंट्रोल रूमला ती आपोआप काही सांगत नाही. दोन्हींतला फरक रक्षकाला माहीत हवा.

चौथं, दुरुस्ती. इथे वहीचा तो नियम आठवा. पाठवलेली नोंद पुसता येता कामा नये. जोड देता यावी आणि मूळ मजकूर खाली तसाच दिसावा. व्यवस्थापकालाही पुसता येता कामा नये. हे दाखवणाऱ्याकडून तिथल्या तिथे करून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

पाळीभर रक्षक कुठे आहे ते दाखवणाऱ्या सोयीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. घटना कळवताना ठिकाण जावं, हे योग्य. आठ तास माणसावर नजर ठेवली की तो फोन केबिनमध्ये ठेवून फेरीला जातो, आणि जेव्हा खरी गरज असते तेव्हा त्याच्या हातात काहीच नसतं. फोन साइटचा असावा, रक्षकाचा स्वतःचा नको. पाळी संपली की तो तिथेच राहावा.

करार करताना पैसे माणशी आहेत की जागेमागे, ते पाहा. रक्षक सतत बदलत असतील तर माणशी हिशोब अंगावर येतो आणि मग तिघं मिळून एकच लॉगिन वापरतात. तसं झालं की कुणी कळवलं हेच नोंदीतून नाहीसं होतं. ॲप सोडायची वेळ आली तर जुन्या नोंदी फोटोंसकट बाहेर काढता येतील का, हेही सहीच्या आधी लिहून घ्या.

तुमच्यासाठी कोणतं?

एक गेट, मोजकी माणसं: वही आणि फोन, ग्रुप फक्त सोबतीला. एक मोठी इमारत किंवा आवार, रात्रीची पाळी, पण कंट्रोल रूममध्ये सतत कुणीतरी जागं: वॉकीटॉकी आणि नेटशिवाय चालणारा फॉर्म. अनेक जागा, एकच मध्यवर्ती कक्ष, रोज बदलणारी माणसं: खास ॲप, आणि तेही वरच्या चार जागा पाहिल्यावरच. कंट्रोल रूममध्ये रात्री कुणीच नसेल, तर यातलं काहीही घेऊ नका. तो पैसा आधी तिथे माणूस बसवायला वापरा. ज्वलनशील वायू किंवा वाफा असतात तिथे साधा फोन न्यायचाच नसतो, त्यासाठी प्रमाणित फोन वेगळे मिळतात.

ठरवण्याआधी एक तालीम करा. सगळ्यात नवा रक्षक निवडा, हातमोजे घातलेला, फोनचा प्रकाश कमी केलेला, तळघरात. त्याला फक्त एवढं सांगा: ‘इथे काच फुटली आहे, कळव.’ एक घड्याळ त्याच्याजवळ, एक कंट्रोल रूममध्ये. पहिल्या टॅपपासून ‘निघालो’ या उत्तरापर्यंत किती वेळ गेला ते मोजा.

आणि जागेचं नाव. जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतं, इमारतीच्या आत भरकटतं आणि मजला तर भरवशाने सांगत नाही. भिंतीवरचा क्यूआर कोड त्यावर उपाय म्हणून लावतात. पण त्याचा फोटो काढून तो केबिनमधूनही स्कॅन करता येतो, एनएफसीच्या टॅगला, म्हणजे फोन जवळ नेला की वाचल्या जाणाऱ्या छोट्या चिपला, मात्र फोन काही सेंटिमीटरवर न्यावाच लागतो. आमच्याकडे यातलं काहीही यायच्या आधी, त्या शटरच्या दुसऱ्याच दिवशी, आम्ही प्रत्येक शटरवर आतून आणि बाहेरून हातभर उंचीचे आकडे रंगवले. पुढे ॲप आलं तेव्हा त्याच्या यादीत तेच आकडे घातले. ज्याने तो फोटो टाकला होता, त्याच रक्षकाने पहिल्या तालमीत वॉकीटॉकीवर सांगितलं, ‘चौदा नंबर, वीतभर उघडं,’ आणि कंट्रोल रूममधून उत्तर आलं, ‘चौदा, निघालो.’