रायझन ५ ७६०० आणि आरएक्स ७८०० एक्सटी: ठरलेल्या बजेटातल्या गेमिंग पीसीचं परीक्षण

ठरलेल्या बजेटात पीसी जमवताना बहुतेक वेळा प्रोसेसर तालेवार निघतो आणि ग्राफिक्स कार्डाला पैसे उरत नाहीत. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरएक्स ७८०० एक्सटी ग्राफिक्स कार्ड ही जोडी बरोबर उलटी आहे, म्हणून ती पटते. एकूण बजेट शंभर धरलं तर साधारण चाळीस कार्डाला, बारा-पंधरा प्रोसेसरला, तेवढेच मदरबोर्डाला आणि उरलेल्यात रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट. मॉनिटर यात नाही. तो १४४०पी (२५६०×१४४० पिक्सेल), १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) आसपासचा धरूनच पुढचं सगळं लिहिलंय.

७६०० मध्ये ६ कोर, १२ थ्रेड आणि टीडीपी (उष्णतेचं अधिकृत माप) ६५ वॅट. ७६००एक्स १०५ वॅटचा आहे, पण १४४०पी ला खेळताना दोघांतला फरक मोजून काढावा लागतो, खेळून कळत नाही. शिवाय एक्सच्या डब्यात कूलर येत नाही. ७६०० बरोबर एएमडीचा रेथ स्टेल्थ कूलर येतो. तो काम निभावून नेतो, मात्र लोड आला की आवाज करतो. १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर लावला की तक्रार संपते. या प्रोसेसरला लिक्विड कूलर घेणं म्हणजे कार्डाचे पैसे पाण्यात. ७५००एफ घेऊन थोडे वाचवता येतात, पण त्यात अंगचे ग्राफिक्स नाहीत. उद्या कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही आणि दोष कुणाचा ते शोधणंही जड जाईल.

कार्डाची खरी ताकद १६ जीबी मेमरी आणि २५६ बिट बस (मेमरीशी डेटा ने-आण करणारा रस्ता). त्याच्याऐवजी एनव्हिडियाच्या ४०६० टीआयचं ८ जीबी मॉडेल घ्यायचा मोह होतो, कारण ते जेमतेम १६० वॅट खातं. पण नव्या गेममध्ये टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) ‘अल्ट्रा’वर नेले की ८ जीबी भरतात. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरा दिसत असूनही खेळ मध्येच अडखळतो, नाहीतर भिंती-दगड धूसरच राहतात. ७८०० एक्सटीत ही कटकट नाही. कमी पडतं ते रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाशकिरणांचा हिशेब करून सावल्या-प्रतिबिंबं काढण्यात): तिथे एनव्हिडियाचं ४०७० पुढे आहे, आणि कमी पिक्सेलचं चित्र मोठं करणाऱ्या एनव्हिडियाच्या डीएलएसएसचं चित्रही एएमडीच्या एफएसआरपेक्षा स्वच्छ येतं. रे ट्रेसिंग कायम चालू ठेवणाऱ्यांनी ४०७० च घ्यावं, मात्र तिथे मेमरी १२ जीबी मिळते हे धरून चालावं.

बोर्ड बी६५० चिपसेटचा पुरे. टीडीपी ६५ असला तरी प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंतच वीज ओढणाऱ्या या प्रोसेसरला वरच्या एक्स६७० ची गरजच नाही. पाहायचं ते इतकंच: एसएसडीसाठी दोन एम.२ स्लॉट, आणि मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण (प्रोसेसर न लावताही बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे बायोस, नवं करणारं). पुढे नवा प्रोसेसर घालायची वेळ आली की ते बटण उपयोगी पडतं.

रॅम डीडीआर५-६०००, सीएल३० (प्रतिसादातल्या उशिराचं माप), १६ जीबीच्या दोन पट्ट्या. ‘आत्ता दोन, नंतर आणखी दोन’ हा बेत इथे करू नका. चार पट्ट्या लावल्या तर या प्रोसेसरचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. पट्ट्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत.

पॉवर सप्लायवर हात आखडू नये. कार्ड २६३ वॅट, प्रोसेसर ८८, बाकी मिळून पन्नासेक. बेरीज चारशेच्या आसपासच भरते. पण कार्ड क्षणभरासाठी याहून कितीतरी जास्त ओढतं आणि हलका सप्लाय नेमका तेव्हा बंद पडतो. एएमडीची शिफारस ७०० वॅटची आहे. चांगला ७५० वॅटचा, गोल्ड दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) घ्या आणि विषय संपवा. कार्डाला दोन वेगळ्या केबल द्या, एकाच केबलची दोन टोकं नकोत. आणि जुन्या मॉड्युलर (सुट्या केबलच्या) सप्लायच्या केबल नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांची जुळणी वेगळी असू शकते. तसं असेल तर जोडलेले भाग पहिल्याच क्षणी जळू शकतात.

आता जोडणी. या प्रोसेसरच्या एएम५ सॉकेटात पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर त्रिकोणी खूण जुळवून सरळ खाली ठेवायचा, सरकवायचा नाही. लिव्हर दाबताना चरचर आवाज येतो आणि प्लास्टिकचं झाकण आपोआप उडतं. ते जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड पाठवायचा झाला तर लागतं. स्टेल्थ लावायचा असेल तर बोर्डावरचे दोन्ही प्लास्टिक ब्रॅकेट काढावे लागतात. मागची पट्टी एएम५ वर जागेवरच राहते. चारही स्क्रू कर्णरेषेत, थोडेथोडे आवळा. उष्णता वाहून नेणारी पेस्ट कूलरला लावलेलीच असते, वरून आणखी लावू नका. एम.२ च्या हीटसिंकखालच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म काढायची राहून जाते, आणि मग एसएसडी तापते म्हणून ओरड होते. प्रोसेसरला वीज देणारी ४+४ केबल बोर्ड बसवण्याआधी वरच्या कोपऱ्यातून ओढून घ्या, नंतर बोट शिरत नाही. कॅबिनेट घेताना कार्डाची लांबी मोजा: मूळ डिझाइन २६७ मिमीचं, पण तीन पंख्यांची बरीच कार्डं ३०० च्या पुढे जातात.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहते आणि बोर्डावर डीरॅमचा (रॅमचा) दिवा लागलेला असतो. बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो. घाबरून बटण दाबलंत तर सगळं पहिल्यापासून.

‘पीसी हळू चालतो’ म्हणणाऱ्यांचे भाग सहसा ठणठणीत असतात. घोळ तीन जागी असतो. बायोसमध्ये एक्सपो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलेलं नसतं, त्यामुळे ६००० ची रॅम ४८०० वर पळत राहते. विंडोजमध्ये मॉनिटर ६० हर्ट्झवरच असतो. किंवा मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाला लावलेली असते. तिसरी चूक या प्रोसेसरबरोबर हमखास लपते, कारण त्याच्या अंगच्या ग्राफिक्सवर डेस्कटॉप नीट दिसतो, व्हिडिओ चालतात, फक्त गेम रांगतो.

फक्त १०८०पी वर स्पर्धेचे हलके गेम खेळणाऱ्यांना हे कार्ड जास्तीचं होतं. त्यांनी खालचं कार्ड घेऊन फरक जास्त हर्ट्झच्या मॉनिटरवर लावावा. आणि याच पीसीवर कूडावर (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या गणनेच्या तंत्रावर) चालणारं रेंडरिंग किंवा एआयचं काम करायचं असेल, तर एनव्हिडियाचंच कार्ड घ्या. बाकीची यादी तशीच चालेल.