आठ महिने बॅटरी चार्जर वापरला: गाडी सुरू झाली, चोर मात्र उशिरा सापडला

गेल्या जुलैत एका रविवारी भर पावसात ठाण्याला आईकडे निघालो. चावी फिरवली तर बॉनेटखालून नुसतं टकटकटक. वॉचमन आणि पेपरवाला यांनी धक्का मारला तेव्हा गाडी चालू झाली. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मला खाली येताना बघून वॉचमन हळूच पंपाच्या खोलीकडे सटकला. त्याच दुपारी चार्जर मागवला. १२ व्होल्ट, ४ अँपिअर, छोटा स्क्रीन असलेला, सव्वादोन हजारांचा.

आमची गाडी म्हणजे सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी ३५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). मी मुलुंड पूर्वेला राहतो, ऑफिस फोर्टात, म्हणजे आठवडाभर लोकल. गाडी हलते ती फक्त रविवारी, आईकडे ठाण्यातल्या नौपाड्यापर्यंत. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर, तेही एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू ठेवून. एवढ्यात आठवड्याची तूट भरून निघत नाही. रोज खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचा सल्ला सगळेच देतात. मीही केलं ते. पेट्रोल जळतं, शेजाऱ्यांना धूर मिळतो, बॅटरीत नावापुरती भर पडते.

चार्जर लावणं सोपं आहे, पण क्रम चुकवू नका. आधी लाल चिमटा प्लसला, मग काळा बॅटरीपासून लांब इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या लोखंडाला, आणि सगळ्यात शेवटी भिंतीतलं बटण. काढताना उलट. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, त्यामुळे ठिणगी त्याच्याजवळ पडता कामा नये. पहिल्या रात्री स्क्रीनवर ११.७ व्होल्ट आकडा दिसला. व्होल्टेज १४.४ पर्यंत चढलं, सकाळी सात वाजता ‘फुल’ लिहून आलं आणि चार्जर स्वतःहून १३.६ वर येऊन थांबला. सेल्फ असा लागला की बायको म्हणाली, नवीन बॅटरी टाकलीस का?

मग सोसायटी. स्टिल्ट पार्किंगमधला प्लग कॉमन मीटरचा. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, ‘आज बॅटरी, उद्या तुम्ही इलेक्ट्रिक स्कूटर लावाल.’ मी एका रात्रीचा हिशोब मांडला: ३० एएच गुणिले साधारण १४ व्होल्ट म्हणजे ४२० वॅट-तास, नासधूस धरून पाऊण युनिटच्या आत. कमिटीच्या मीटिंगमध्ये पाऊण युनिटावर चाळीस मिनिटं चर्चा झाली (लिफ्टच्या वार्षिक देखभालीच्या करारावर दहा). शेवटी महिना पन्नास रुपये ठरले. पावती फाटते ‘इतर’ या सदराखाली.

आता माझी चूक. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर दर शनिवारी रात्री चार्जर लावायचो आणि रविवारी मजेत निघायचो. पण दर शनिवारी सुरुवातीचा आकडा ११.७, कधी ११.६. पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की तळ गाठलाच. चांगली बॅटरी सहा दिवसांत एवढी उतरत नाही. चार्जर दर आठवड्याला हेच सांगत होता, मी फक्त सकाळचं ‘फुल’ वाचत होतो.

दिवाळीत भाऊ आला. बंद गाडीत वीज कोण खातंय ते बघायला त्याने मायनस टर्मिनल सोडवून मधे मल्टिमीटर (करंट मोजायचा मीटर) लावला. पहिल्यांदा वायर मिलिअँपिअरच्या भोकात होती आणि तेवढ्यात माझ्या मुलीने दार उघडलं. मीटरचा फ्यूज खलास. दुसऱ्यांदा १० अँपिअरच्या भोकातून, दारं बंद, गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. आकडा स्थिरावला २६० मिलिअँपिअरवर. चाळीस-पन्नासच्या आत असायला हवा. एकेक फ्यूज काढत गेलो आणि डॅशकॅमचा (पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्याचा) फ्यूज निघताच आकडा २८.

डॅशकॅम बसवताना दुकानदाराने पार्किंग मोड चालू करून दिला होता, गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग व्हावं म्हणून. कॅमेरा बॅटरीला जोडणाऱ्या वायरिंग किटला बॅटरी ठरावीक व्होल्टेजला आली की बंद पडायची सोय असते. ती त्याने सगळ्यात खाली, ११.६ वर ठेवलेली, ‘जास्त वेळ रेकॉर्ड होईल साहेब’ म्हणून. २६० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला सव्वासहा एएच, म्हणजे आमची बॅटरी पाच-सहा दिवसांत रिकामी. आणि रेकॉर्ड काय झालं? मांजर.

पार्किंग मोड बंद केला. पुढच्या शनिवारी आकडा १२.५. पण तीन महिने दर आठवड्याला तळ गाठल्याने बॅटरीचं नुकसान व्हायचं ते झालंच होतं. लेड-अॅसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात आणि मग ते सहज विरघळत नाहीत. चार्जरवर ‘रिपेअर’ नावाचा मोड आहे, तो दोन वेळा चालवून पाहिला. मला काडीचा फरक दिसला नाही. जानेवारीत नवीन बॅटरी घेतली, जुनी देऊन थोडे पैसे वळते झाले.

चार्जरबद्दलच्या तक्रारी: वायर आखूड, जेमतेम दीड मीटर. रात्री वीज मिनिटभर जाऊन आली तरी हा पठ्ठ्या आपोआप पुन्हा सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. पावसाळ्यात दोनदा सकाळी खाली जाऊन बघतो तर स्क्रीन कोरा. पंखा नाही, त्यामुळे बॉडी हाताला चांगलीच गरम लागते. त्यावर फडकं वगैरे टाकू नका.

टर्मिनलवर हिरवट-पांढरी पावडर जमायची ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून, जुन्या टूथब्रशने साफ केली. आधी झाकणं घट्ट आहेत ना पाहा, सोडा आत जाता कामा नये. कोरडं झाल्यावर व्हॅसलिन. तुमची बॅटरी पाणी भरायची असेल तर डिस्टिल्ड वॉटरच, घरच्या आरओचं नको.

गेल्या महिन्यात सेक्रेटरी काका दोन महिने मुलीकडे अमेरिकेला राहून परतले आणि त्यांची गाडी मेलेली. स्वतःच चार्जर मागायला आले. तो लावला तर स्क्रीनवर एरर. व्होल्टेज चारच्या खाली गेलं होतं आणि एवढ्या खालच्या बॅटरीला तो ओळखतच नाही. आमच्या गाडीला जंपर केबलने पाच-दहा मिनिटं जोडून ठेवल्यावर ओळख पटली, रात्रभर चार्जही झाली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरली. त्यांना नवीन घ्यावी लागली. पुढच्या वेळी जाण्याआधी मायनस टर्मिनल काढून ठेवा, घड्याळ आणि स्टिरिओचं सेटिंग तेवढं जाईल, असं सांगून माझा दहा नंबरचा पाना त्यांना दिला. काका अजून इथेच आहेत, पानाही त्यांच्याकडेच आहे.