एकत्र येणे की वेगळे राहणे: अत्याचारानंतर कुटुंबापुढील दोन वाटा

घरातल्याच माणसाने मुलावर लैंगिक अत्याचार केल्यानंतर, त्याला पुन्हा घरात घ्यावे की कायमचे दूर ठेवावे, या विचाराने आईचा जीव टांगणीला लागतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीने वेगळे राहणे निःसंशय सरस आहे. एकत्र यायचे, तर त्या व्यक्तीने सबबी न सांगता जबाबदारी स्वीकारणे, उपचार पूर्ण करणे आणि मग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली छोट्या भेटी, असा क्रम लागतो; त्याला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात आणि त्यानंतरही मुलाला त्या व्यक्तीसोबत एकटे सोडता येत नाही.

मुलाच्या मनाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आईचे रडणे पाहून मूल ‘येऊ दे’ म्हणते आणि भेटीच्या आदल्या रात्री त्याच्या पोटात दुखू लागते. माझ्या मते ते दुखणेच खरे उत्तर मानावे. म्हणून त्याचे म्हणणे त्याच्या स्वतंत्र समुपदेशकानेच ऐकावे.

वेगळे राहण्यात पैशाची ओढाताण होते, तर एकत्र राहण्यात आईवर अखंड पहाऱ्याचा भार पडतो.

गुन्हा नाकारला जात असेल, न्यायालयाची मनाई असेल किंवा मूल घाबरत असेल, तर वेगळे राहणेच योग्य. जबाबदारी स्वीकारलेली असेल, मुलाला स्वतःहून भेट हवी असेल आणि तज्ज्ञ सोबत असतील, तरच टप्प्याटप्प्याने, केव्हाही थांबवता येईल अशा रीतीने एकत्र येण्याचा विचार करावा.