मळी घातलेला स्वस्त भरडा घेण्याआधी हे वाचा

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या दावणीला पाच दुभत्या गाई आणि चार महिन्यांची एक कालवड होती. कालवड आता नाही. तिच्या जाण्याला जो मक्याचा भरडा कारण झाला तो मीच हौसेनं घेतला होता, म्हणून हे लिहिते आहे.

परतीच्या पावसात त्या वर्षी सगळ्यांचाच मका भिजला. भरड्याचा भाव चढला. त्याच दिवसांत एक व्यापारी टेम्पो घेऊन गावात यायला लागला. किलोमागं पाच रुपये कमी. "वहिनी, मळी घालून केलाय, जनावर गव्हाण चाटून पुसून खाईल," म्हणाला. आधी दोनच पोती घेतली. खरंच चांगला माल होता, पिवळाधमक. गाईंनी आवडीनं खाल्ला, म्हणून पुढच्या खेपेला वीस पोती उतरवून घेतली. तेवीस हजार रुपये रोख दिले. पावती मागितली तर कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला. त्यावर ना दुकानाचं नाव, ना तारीख.

पोत्याची तोंडं उघडून बघितली होती मी. वरचा थर पहिल्यासारखाच होता. खालच्या मालात कुबट वास होता, पण मळीच्या गोड वासाखाली तो मला आला नाही. अख्खा मका असता तर काळे-हिरवे दाणे दिसले असते. भरडला की सगळं पीठ एकसारखं दिसतं. फसवणुकीची सगळी सोय त्या भरडण्यातच आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आठवड्याभरात दूध उतरलं. शेण पातळ झालं. आम्ही हवा बदलली म्हणालो, जंताचं औषध पाजलं. कालवडीचं मात्र वेगळंच चाललं होतं. ती दात खायची, शेण टाकताना सारखी कुंथायची, अंगावरचे केस उभे राहिलेले. तिसऱ्या आठवड्यात ती गेली. डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. यकृत फिकट आणि कडक पडलेलं, पोटात पाणी. त्यांनी लगेच विचारलं, "ताई, आंबोणात काय घालता?" भरड्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष निघालं, मर्यादेच्या कित्येक पट. पशुखाद्यातली मर्यादा आहे किलोला २० मायक्रोग्रॅम. म्हणजे अख्ख्या एक टन भरड्यात २० मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही.

एवढ्याशानं जनावर कसं मरतं, हे मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. ओल्या मक्यावर, शेंगदाण्यावर, सरकीवर ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते, ती हे विष सोडते. ते पोटातून यकृतात जातं. यकृत त्याचा निचरा करायला बघतं आणि त्या खटपटीतच त्याचं जास्त जहाल रूप तयार होतं. ते पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतं. ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्यातलं बरंचसं बांधून बाहेर काढतं, पण विष रोज येत राहिलं तर तेही पुरं पडत नाही. मग पेशीला प्रथिनं बनवता येत नाहीत, यकृतात चरबी साठते, रक्त गोठायला लागणारे घटक कमी पडतात. लहान जिवाला हे आधी भोवतं. माणसात हेच विष वर्षानुवर्षं थोडंथोडं गेलं तर पेशींच्या वाढीला लगाम घालणारं पी-५३ जनुकच बिघडतं आणि यकृताचा कर्करोग होऊ शकतो. ज्याला हेपटायटिस बी आहे त्याला धोका कितीतरी पटीनं जास्त.

१९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजलेला मका खाऊन गावंच्या गावं काविळीनं आजारी पडली होती. शंभराहून जास्त माणसं दगावली. त्या घरांतली उरलेली भाकरी खाणारी कुत्रीही मेली. हे ऐकल्यावर मला आमच्या घरातला पेला आठवला.

कारण गाईच्या यकृतातून हे विष एम-१ या रूपात दुधात उतरतं, खाल्ल्यापासून दिवसभरात. दूध उकळून ते जात नाही. दुधात किलोला अर्धा मायक्रोग्रॅम एवढीच सूट आहे. तीन आठवडे माझी तीन वर्षांची नात तेच दूध पीत होती आणि उरलेलं मी रोज केंद्रावर घालत होते. तिथं फॅट बघतात, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ बघतात. फॅट बरोबर लागत होती. फसवलं मला, पण माझ्या किटलीतून ते किती घरांत गेलं, हा विचार अजून झोपू देत नाही. भरडा बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं असं डॉक्टर म्हणाले. आम्ही पाच दिवस सगळं दूध ओतून दिलं.

व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणे, उन्हात वाळवा आणि बाइंडरची, म्हणजे जनावराच्या पोटात विष धरून ठेवणारी, पावडर टाका. उन्हानं बुरशी थांबते, आधी तयार झालेलं विष तसंच राहतं. पावडरीनं ते थोडं कमी होतं, सडका माल त्यानं चांगला होत नाही. नंतर त्यानं फोन उचलणंच सोडलं. पक्की पावती नसल्यानं तक्रारीला हातात काही नव्हतं.

आता मी अख्खा मका घेते. पोत्याच्या तळाशी पोकळ सळई खुपसून दाणे काढते, दाताखाली कट्ट वाजला तरच पुढे बोलते, आणि गिरणीत समोर उभी राहून भरडून आणते. खर्च जास्त होतो, होऊ दे. मळी घालायची तर वेगळी आणून घालते.

चौदा पोती शिल्लक होती. महिन्याभरानं एक अनोळखी माणूस मोटरसायकलवर आला. "खराब भरडा आहे ना तुमच्याकडं? निम्म्या भावानं उचलतो, कोंबड्यांच्या खाद्यात चालतो." आठ हजारांच्या आसपास हातात येत होते आणि घरात गरजही होती. मुलानं त्याला फाटकातूनच परत पाठवलं. संध्याकाळी आम्ही बांधापलीकडं, विहिरीपासून लांब, खड्डा घेतला आणि चुना टाकत टाकत चौदाही पोती त्यात रिकामी केली.