जेल, वॅक्स आणि हेअरस्प्रे : ठाण्याच्या हवेत वापरून झाल्यावर

हा अनुभव तीन प्रकारांचा आहे: ट्यूबमधलं पाण्यावर बनवलेलं जेल, डबीतलं मॅट वॅक्स आणि हेअरस्प्रे. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंत ते वापरून झाले. राहणं घोडबंदर रोडला. तिथे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरच्या पाण्याचीच भिस्त. रोजचा प्रवास ठाणे ते ऐरोली, कधी ट्रान्स-हार्बर लोकलने, कधी हेल्मेट घालून. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. एकाच कंपनीच्या दोन ट्यूबांत घटक निराळे निघतात, तेव्हा पुढच्या नावापेक्षा मागची बारीक अक्षरं वाचलेली बरी.

हे लावल्याने केस वाढायचे थांबतात का, हे सगळे विचारतात. थांबत नाहीत. केस वाढतो तो मुळाशी, त्वचेच्या तीन-चार मिलिमीटर खाली, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. बाहेर दिसतो तो भाग निर्जीव असतो. त्यावर काय थापलंय याचा मुळाला पत्ताही नसतो. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हेही नेहमीचंच. गोंधळ होतो तो वेळेच्या हिशेबात. मोठा ताप येऊन गेला की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. जुलै-ऑगस्टात डेंग्यू किंवा टायफॉइड झालेल्या माणसाच्या कंगव्यात दिवाळीच्या सुमारास पुंजके येऊ लागतात आणि खापर फुटतं नुकत्याच आणलेल्या जेलवर. चाई पडली तरी तेच. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते, ट्यूबचा संबंध नसतो.

जेलने केस जातात ते बहुधा तुटून. पडलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून टोक बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून गळलाय. गाठ नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तुटलाय. तुटण्याचं कारण सहसा एकच: वाळून कडक झालेल्या केसांत कोरडा कंगवा घालणं. विस्कटले तर बोटं ओली करून सारखे करावेत, कंगवा नाही. जेल डोक्यावर ठेवून झोपलात तर तेच काम उशी करते.

आता जेल. ते म्हणजे मुख्यतः पाणी, घट्टपणासाठी कार्बोमर आणि केसावर पापुद्रा धरणारं पॉलिमर. हे पॉलिमर पीव्हीपी असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि जूननंतर आपल्याकडे ओलाव्याला काय तोटा! सकाळी नीट बसवलेले केस ऐरोलीला उतरेपर्यंत चिकट होऊन पडतात. व्हीपी/व्हीए कोपॉलिमर असलेलं जेल पावसाळ्यात बरंच जास्त टिकलं. ग्लिसरीन घटकांच्या यादीत फार वर असेल तर तीही ओलावा ओढते. पडलेल्या केसांवर ऑफिसच्या बेसिनपाशी दुसरा थर चढवायचा मोह होतो. टाळूवर खपली धरायला सुरुवात होते ती तिथूनच.

मात्रा: दोन-तीन इंचांच्या केसांना एका मोठ्या हरभऱ्याएवढं. आधी दोन्ही तळव्यांवर पसरवायचं, मग मागून पुढे यायचं, कपाळावरची झुलपं शेवटी. हात केसांच्या मधल्या भागापासून टोकांकडे न्यायचा, टाळूपासून अर्धा इंच सोडून. बाजूला मशीन मारलेली असेल तर तिथे लावूच नये. तिथे धरायला केस नसतो, सगळं कातडीवर बसतं.

‘जेलने कोंडा झाला’ या तक्रारीतला बराचसा कोंडा हा कोंडा नसतोच. पॉलिमरचा पापुद्रा वाळून फुटतो आणि पांढरे कण पडतात. काळ्या कापडावर कण घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळून चिकट झाला तर जेल, तसाच राहिला तर कोंडा. खरा कोंडा तेलकट, पिवळसर असतो, टाळूला चिकटून बसतो आणि खाजतो. त्यामागे मॅलासेझिया नावाची यीस्ट असते, जी आपल्या सगळ्यांच्याच टाळूवर राहते आणि तेलावर पोसते. म्हणून खऱ्या कोंड्यावर खोबरेल चोपडणं आणि वरून जेल लावणं म्हणजे तिला पंगत वाढणं. तिथे दोन टक्के कीटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं टाळूवर ठेवून, दोन ते चार आठवडे. तेवढ्याने फरक नाही पडला तर त्वचेच्या डॉक्टरांकडे.

वॅक्सबद्दल मत जरा कडवट आहे. दिसतं छान, पावसाळ्यात टिकतंही, पण उतरता उतरत नाही. मेण आणि पेट्रोलॅटम पाण्यात विरघळत नाहीत, आणि पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर शाम्पूचा फेसही कमी होतो. आपलं पाणी जड आहे का, हे गीझरचा रॉड आणि नळाच्या तोटीवरचा पांढरा थर सांगतो. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं तिथे हा त्रास कमी. घोडबंदरच्या बोअरच्या पाण्यात मात्र एकदा शाम्पू करून वॅक्स निघालं असं समजू नका. हातांना केस मेणचट लागत राहतात आणि त्या थरावर धूळ बसते.

उतरवायची पद्धत अशी: कोरड्या केसांवरच चमचाभर खोबरेल किंवा भरपूर कंडिशनर, टाळू सोडून, दोन-तीन मिनिटं चोळायचं, कारण मेण तेलात सैल होतं. त्यावर पाणी न घालता शाम्पू चोळायचा. मग थोडं थोडं कोमट पाणी घेत फेस काढून धुवायचं. दुसरा शाम्पू थोडाच, तो टाळूला, बोटांच्या पेरांनी मिनिटभर. नखं लावायची नाहीत. आधी पाणी ओतलंत तर शाम्पू पातळ होतो आणि मेण तसंच राहतं. शेवटचा मग कॉर्पोरेशनच्या पाण्याचा किंवा फिल्टरच्या आरओचा ठेवला तर केस राठ राहत नाहीत. महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला, साचलेले क्षार काढणारा शाम्पू पुरतो.

वॅक्सचा दुसरा त्रास कपाळावर दिसतो. घामाबरोबर ते खाली उतरतं, केसांच्या रेषेजवळची छिद्रं बुजतात आणि बारीक, बंद तोंडाच्या पुळ्या येतात. वैद्यकीय साहित्यात ‘पोमेड ॲक्ने’ हे नाव १९७० पासून आहे. वॅक्स बंद केलं की त्या जातात, पण काही आठवडे लागतात. पुढच्या केसांना लावताना रेषेपासून बोटभर अंतर सोडलं तर मुळात येतच नाहीत. ओल्या केसांवर हेल्मेट चढवलं की मानेवर, कानामागे केसतूड उठतं ते वेगळंच. जेल वाळायला दहा-पंधरा मिनिटं द्या. आत सुती रुमाल बांधा, तो रोज बदला, आणि पावसाळ्यात हेल्मेटचं आतलं अस्तर काढून धुवा.

स्प्रेबद्दल थोडक्यात. लग्नकार्यापुरता ठीक, रोजचा नाही. वीस-तीस सेंटिमीटरवरून मारा, खिडकी उघडी ठेवून, आणि निरांजन किंवा गॅसजवळ अजिबात नाही, तो पेट घेतो. ओलसर केसांवर गरम स्ट्रेटनर फिरवू नका; केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होऊन पोकळ बुडबुडे पडतात आणि केस तिथेच मोडतो.

जेल लावून चापून बसवलेला ताणाचा अंबाडा किंवा पोनी, हे मात्र खरोखर केस कमी करणारं प्रकरण आहे, आणि दोष जेलपेक्षा ओढीचा. कानशिलांवरचे केस विरळ होतात, सोडल्यावर मुळं ठणकतात, रेषेवर पुरळ येतं. इथे थांबलात तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळं कायमची जातात. अंबाडा सैल घाला, त्याची जागा बदलत राहा.

ॲलर्जीचं एक लक्षात ठेवण्याजोगं: टाळूची कातडी जाड, त्यामुळे पुरळ आधी पापण्यांवर, कानांवर, मानेवर उमटतं आणि संशय भलत्याच क्रीमवर जातो. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा टिकवणारा घटक युरोपीय संघाने न धुता ठेवायच्या प्रसाधनांतून २०१७ पासून बंद केला. जेल त्याच वर्गातलं, तेव्हा यादीत हे लांबलचक नाव दिसलं तर ट्यूब परत ठेवा. नवीन ट्यूब आठवडाभर रोज दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा, मग डोक्याला. यादीत सिटिल किंवा सिटिअरिल अल्कोहोल दिसलं म्हणून दचकू नका, ते केस मऊ करणारे घटक आहेत. कोरडं पाडतं ते अल्कोहोल डिनॅट. आणि बायोटिन हे जीवनसत्त्व लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजू नका. जेलमधल्या बायोटिनने केस उगवत नाहीत.

मिनॉक्सिडिल, म्हणजे केस गळण्यावर टाळूला लावायचं औषध, चालू असेल तर क्रम पाळा. आधी कोरड्या, स्वच्छ टाळूवर औषध, ते पूर्ण वाळल्यावर केसांना जेल. उलटं केलंत तर औषध पापुद्र्यावर अडतं. द्रावणाने टाळू लाल होऊन खाजत असेल तर त्यातलं प्रोपिलीन ग्लायकॉल हे नेहमीचं कारण. डॉक्टरांना फोमबद्दल विचारा, त्यात सहसा ते नसतं. रात्रीचं औषध झोपायच्या दोन तास आधी लावा, नाहीतर टाळूऐवजी उशीच्या अभ्र्याला लागतं.